जुन्या छताला नवा गिलावा का धरत नाही?



वसतिगृहांच्या दुरुस्तीसाठी आपण हात सैल सोडता, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. "छताचे प्लास्टर मागच्याच उन्हाळ्यात केले होते ना? मग पावसाळ्यात ते पडले कसे?" सिमेंट कमी घातले असेल किंवा गवंड्याने काम उरकले असेल, असा आपला पहिला अंदाज असतो. कधी कधी तो खराही ठरतो. पण पुष्कळदा दोष नव्या मालात नसतो. तो माल ज्या जुन्या छताला लावला, त्या छतात असतो. दान योग्य जागी लागावे म्हणून ही गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी, असे मला वाटते.

आधी वजनाचा हिशेब पाहू. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड गिलाव्याचे वजन सुमारे २४ किलो भरते. भिंतीवर हे वजन भिंतीला लगटून असते. छताला मात्र ते खाली लोंबकळत असते आणि त्याला तोलून धरते ती फक्त मधली पकड. म्हणून भिंतीवर खपून जाणारी उणीव छतावर खपत नाही. खाली मुले झोपत असतील, तर ती जिवावर बेतू शकते.

गिलावा का पडला, हे पडलेला तुकडाच सांगतो. तो उचलून त्याची पाठ पाहावी.

पाठीवर जुना चुना, डिस्टेंपर किंवा काजळी दिसली, तर गिलावा स्लॅबला चिकटलाच नव्हता. तो रंगाला चिकटला होता, आणि रंगाने स्लॅब सोडला. वर्षानुवर्षे मारलेल्या चुन्याच्या थरांची पूड होत असते. आपल्या स्वयंपाकघरांत चुलीच्या धुराचा चिकट, काळा थर बसतो. त्यावर कितीही चांगला माल चढवला, तरी पकड तेवढीच राहते, जेवढी त्या मधल्या थराची असते.

पाठ गुळगुळीत दिसली, तर स्लॅब गुळगुळीत होता. पत्र्याच्या सेंट्रिंगवर ओतलेल्या स्लॅबची खालची बाजू आरशासारखी होते, शिवाय साच्याला लावलेले तेलही तिच्यावर राहते. अशा पृष्ठभागात मालाला शिरायला जागाच नसते. म्हणून जुने गवंडी छताला आधी टाचे मारून घेतात.

पाठ भुसभुशीत असून बोटाने वाळू सुटत असेल, तर गिलावा तहानेला पडला. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी संयोग होऊन ते घट्ट होते आणि त्यासाठी त्याला काही दिवस ओल लागते. कोरडा, तापलेला स्लॅब नव्या मालातले पाणी काही मिनिटांत शोषून घेतो. आपली दुरुस्ती बहुधा मे महिन्यात निघते, कारण तेव्हा मुले घरी गेलेली असतात. नेमका तेव्हाच स्लॅब सर्वांत तापलेला असतो.

चौथी खूण सर्वांत गंभीर आहे. तुकड्याबरोबर काँक्रीटचा पापुद्रा आला असेल आणि त्यावर तांबूस डाग असतील, तर आतली सळई गंजते आहे. चांगले काँक्रीट सळईला गंजापासून राखते. पण वर्षे जातात, हवा आत शिरते, वरून पाणी झिरपते आणि ते संरक्षण संपते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून ढकलून फोडतो. अशा छताला गिलावा करणे म्हणजे दुखणे झाकणे होय. तेथे गवंड्याच्या आधी इंजिनिअरला बोलवावे.

लेवीयच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर चट्टा दिसला तर काय करावे, याचे नियम आहेत. चट्टा पसरला तर तेथील दगड काढायचे, घर आतून खरवडायचे, ती खरवड नगराबाहेर टाकायची आणि त्यानंतर नवा गिलावा करायचा. इतके करूनही चट्टा परत आला, तर घर पाडायचे. त्या नियमांमागचा विचार वेगळा आहे, हे खरे. पण आधी खरवडा आणि मग लिंपा, हा क्रम आजच्या गवंड्यालाही पटेल.

मग काम कसे करावे? प्रथम हातोडीच्या दांड्याने सगळे छत ठोकून पाहावे. जेथे खणखणीत ऐवजी बद्द आवाज येतो, तेथील सारे काढून टाकावे. उरलेला रंग, काजळी आणि धूळ तारेच्या ब्रशने घासून धुवावी. टाचे मारावेत. छत ओले करावे, पण पाणी गळत नसावे. सिमेंटची स्लरी मारून ती सुकण्याआधी माल लावावा. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू. जाडी ६ ते १० मिलिमीटर पुरे. छत वेडेवाकडे असेल तर ते एका जाड थराने सपाट करू नये. नंतर निदान सात दिवस पाणी मारावे.

या सर्वांच्या आधी वरची गळती थांबली पाहिजे. जव्हार-मोखाड्याच्या पावसात खालून केलेला गिलावा वरून येणारे पाणी अडवू शकत नाही. मागच्या श्रावणात आमच्या मुलींच्या खोलीत असाच गिलावा कोसळला. तो मोकळ्या अंथरुणावर पडला, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्या जागी पाठीवर चुना होता आणि वर गळती होती.

म्हणून यंदा कामाचा क्रम बदलला आहे. पावसाळ्यात गळतीच्या जागी कोळशाने खुणा केल्या. सैल झालेला सारा गिलावा काढला आणि मुलींना दुसऱ्या खोलीत हलवले. येत्या उन्हाळ्यात फक्त गच्चीची दुरुस्ती होईल. एक पावसाळा पाहू. छत कोरडे राहिले, तर दिवाळीच्या सुटीत गिलावा करू. जेथे स्लॅब धड आहे आणि सळई उघडी नाही, तेथे गिलावा न करता नुसता चुना देऊ. गिलावा स्लॅबला उचलून धरत नाही, त्यामुळे त्याच्यावाचून छत कमजोर होत नाही.

भेटीला याल तेव्हा ती खोली उघडीबोडकी दिसेल. आपण दिलेले पैसे गेले कोठे, असे मनात येईल. तेव्हा कृपा करून गच्चीवर चढून पाहा. यंदाचे काम तेथे झालेले असेल. आणि आपल्या घराचे किंवा मंडळीच्या सभागृहाचे छतही एकदा ठोकून पाहा.

प्रभूच्या सेवेत,
आपला बंधू