मंद आचेवरचे डुकराचे मांस : गोड, खारट आणि मऊ

नाताळची आदली रात्र आठवून पाहा. घरातील सर्व मंडळी नवे कपडे घालून मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी निघण्याच्या तयारीत असतात आणि घरची गृहिणी मात्र अजून चुलीपाशीच उभी असते. मांस शिजले की नाही, रस्सा आटला की नाही, तळाला लागले तर काय, या विवंचनेत तिचा पाय स्वयंपाकघरातून निघत नाही. अनेक घरांत एखादी आई किंवा आजी केवळ पातेल्याच्या राखणीसाठी मागे राहते. ज्या सणासाठी एवढी धावपळ, त्या सणाच्या उपासनेलाच ती मुकते.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत तिच्यावर एक साधा उपाय घरोघरी रुळला आहे, तो म्हणजे ‘स्लो कुकर’ नावाचे विजेवर चालणारे मातीचे भांडे. परदेशी गेलेल्या आपल्या नातेवाइकांच्या सामानातून असे भांडे आता आपल्या घरांतही येऊ लागले आहे, परंतु ते कसे वापरावे हे ठाऊक नसल्याने पुष्कळदा माळ्यावर पडून राहते. या भांड्यात डुकराच्या मांसाचा गोड-खारट रोस्ट कसा करावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो तसाच का करावा, हे समजून घेऊ या.

या भांड्याचा जन्म एका धार्मिक नियमातून झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांना नक्कीच रुचेल. यहुदी धर्माप्रमाणे शब्बाथाच्या दिवशी विस्तव पेटवणे वर्ज्य आहे. निर्गमच्या पस्तिसाव्या अध्यायात ही आज्ञा आपणही वाचतो. म्हणून पूर्व युरोपातील यहुदी कुटुंबे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य, जव, बटाटे आणि मांस एका भांड्यात भरून गावच्या बेकरीत नेऊन ठेवीत. भट्टीच्या निवत जाणाऱ्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेहून परतल्यावर गरम जेवण मिळे. या पदार्थाला ‘चोलेंट’ म्हणतात. लिथुएनियातील विल्ना शहरातील ही आठवण एका आईने अमेरिकेत आपल्या मुलाला सांगितली. तो मुलगा म्हणजे अर्विंग नॅक्सन. त्याने विजेवर मंद तापणारे भांडे तयार केले आणि १९४० साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९७० साली रायव्हल या कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे बाजारात आणले. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी घराबाहेर पडत होत्या तो हा काळ. भांडे हातोहात खपले. शब्बाथाच्या चोलेंटवरून सुचलेले हे भांडे आज अमेरिकेत डुकराच्या मांसासाठीही ओळखले जाते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे!

आता भांड्याची रचना पाहू. बाहेर धातूचे कवच, त्याच्या भिंतींत विजेची तार, आत चिनी मातीचे जाड भांडे आणि वर घट्ट बसणारे काचेचे झाकण. उष्णता तळातून एकदम न येता चहूबाजूंनी सावकाश येते, म्हणून पदार्थ लागत नाही. ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोन आचा असतात. दोन्हींवर पदार्थ शेवटी उकळीच्या जरा खालच्या तापमानापर्यंतच पोहोचतो. फरक एवढाच की ‘लो’वर पोहोचायला अधिक वेळ लागतो. दोनशे वॉटच्या आसपास वीज घेणारे मध्यम आकाराचे भांडे आठ तास चालले तरी सुमारे दीड युनिट वीज खर्च होते.

या संथपणाचा लाभ मिळतो तो योग्य मांस निवडले तरच. जनावराच्या ज्या भागाला सतत श्रम पडतात, तेथे स्नायूंना बांधून ठेवणारे ‘कोलॅजेन’ नावाचे चिवट द्रव्य भरपूर असते. डुकराचा खांदा हा असा भाग आहे. साठ-सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे कोलॅजेन हळूहळू विरघळू लागते आणि ऐंशीच्या वर, पुरेसा वेळ मिळाला तर, त्याचे जिलेटिन होते. बोटांना चिकटणारा, तोंडात रेशमासारखा पसरणारा जो रस आपल्याला आवडतो तो या जिलेटिनचा. मांसाचा अंतर्भाग नव्वद अंशांच्या पुढे गेला की ते काट्याने सहज उलगडते. पाठीच्या कण्यालगतचे, चरबी नसलेले मांस दिसायला देखणे आणि किमतीने चढे असते, परंतु त्यात विरघळण्याजोगे काही नसल्यामुळे आठ तासांनंतर त्याचा भुसा होतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे; पाहुण्यांनी सौजन्याने ते खाल्ले, एवढेच. मांसविक्रेत्याकडे खांद्याचा, थोडी चरबी असलेला अखंड तुकडाच मागावा. अमेरिकन पाककृतींत या भागाला ‘बोस्टन बट’ म्हणतात. नावावरून तो मागचा भाग वाटतो, पण तो खांदाच होय.

दीड किलो मांसाचे प्रमाण पुढीलप्रमाणे : मीठ दोन चहाचे चमचे, किसलेला गूळ चार मोठे चमचे, सोया सॉस तीन मोठे चमचे, उसाचा किंवा माडाचा व्हिनेगर दोन मोठे चमचे, मोहरीची तयार पेस्ट एक मोठा चमचा, लसणाच्या दहा पाकळ्या, इंचभर आले, भरडलेली मिरी एक चहाचा चमचा आणि दोन मोठे कांदे. अमेरिकेत गुळाच्या जागी ब्राऊन शुगर घालतात. आपला गूळ त्याहून सरस लागतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आदल्या रात्री मांसाला मीठ आणि मिरी चोळून ते फ्रिजमध्ये झाकून ठेवावे. मीठ प्रथम मांसातील पाणी बाहेर ओढते आणि मग त्याच पाण्यातून आत शिरते. त्यामुळे चव खोलवर जाते. गूळ मात्र आत्ता लावू नये, कारण दुसऱ्या दिवशी मांस परतताना तो करपून कडू होतो.

परतणे ही पायरी अनेक जण गाळतात. मांसाला खमंग तपकिरी रंग आणि भाजल्याची चव सुमारे एकशे चाळीस अंशांच्या पुढे येते. स्लो कुकरमधील ओलसर हवा शंभरापर्यंतही क्वचितच पोहोचते, म्हणून तेथे ती चव दिवसभर थांबूनही येणार नाही. तेव्हा मांस कोरडे पुसून, जाड तव्यावर थोड्या तेलात सर्व बाजूंनी चांगले लालसर करून घ्यावे. तव्याला चिकटलेला अंश पाव वाटी पाण्याने सोडवून तोही भांड्यात घालावा. खरी चव त्यातच असते.

तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, त्यावर मांस, आणि गूळ, सोया सॉस, व्हिनेगर, मोहरी, ठेचलेले आले-लसूण एकत्र करून वरून ओतावे. याहून अधिक पाणी घालू नये. झाकणाखालून वाफ फारशी निसटत नाही आणि मांस स्वतःचे पाणी सोडते. आपल्या हाताला रश्श्याची सवय असल्याने येथे मोह होतो, पण घातलेले पाणी मग आटत नाही. भांडे निम्म्याहून कमी किंवा दोनतृतीयांशाहून अधिक भरलेले नसावे. ‘लो’वर आठ ते नऊ तास, किंवा ‘हाय’वर पाच ते सहा तास लागतात. मधूनमधून झाकण उघडून पाहण्याची खोड सोडावी; प्रत्येक वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि ती भरून यायला पंधरा-वीस मिनिटे जातात.

मांस शिजले की बाहेर काढून झाकून ठेवावे. उरलेल्या रसावरची चरबी पळीने काढून तो गॅसवर लहान पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवावा. गोड, आंबट आणि खारट यांचा तोल येथेच साधायचा असतो : गोडवा पुढे आला असेल तर व्हिनेगरचे काही थेंब, आंबट वाटले तर चिमूटभर गूळ. मिठाची चव आटल्यानंतरच पाहावी.

आपल्या इंद्यालची चव जिभेवर असलेल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही. पोर्तुगीजांच्या ‘विन्या द आल्योश’ या, मद्य वा व्हिनेगर आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसापासूनच आपला इंद्याल आणि गोव्याचा विंदालू आला. मदैरा बेटावर तो पदार्थ आजही नाताळात आवर्जून करतात. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेली ती १७३९ पर्यंत. त्या दोन शतकांत ही पाककला येथे रुजली आणि तिच्यात मिरची-मसाला मिसळला. तेव्हा वरील कृतीत चमचाभर बॉटल मसाला घालावासा वाटला तर खुशाल घालावा. अमेरिकन स्वयंपाकीण नाक मुरडेल, आपले पाहुणे नाही.

आता सुरक्षिततेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पाच ते साठ अंश या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो. म्हणून बर्फ झालेले मांस कधीही थेट त्यात टाकू नये. ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्यावे. ‘वॉर्म’ हे बटण शिजलेले अन्न गरम ठेवण्यासाठी आहे, शिजवण्यासाठी नव्हे. आणि वीज गेली तर? तुम्ही घरीच असाल तर मांस लगेच गॅसवर शिजवून पूर्ण करावे. परंतु घरी कोणी नसताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर दिसायला शिजलेले असले तरी ते अन्न टाकून द्यावे. दीड किलो मांस टाकताना जिवावर येते हे खरे, पण सणाच्या दिवशी सारे घर आजारी पडण्यापेक्षा ते परवडते.

डुकराच्या मांसातील फीतकृमीबद्दल आपल्या समाजात भीती आहे आणि गैरसमजही. कच्चे किंवा अर्धकच्चे, बाधित मांस खाल्ल्याने आतड्यात फीतकृमी होतो. मेंदूत गाठी होऊन फेफरे येण्याचा जो आजार आपण ऐकतो, तो मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो. ती अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून आणि भाजीतून येतात. म्हणजे डुकराचे मांस कधीही न खाणाऱ्यालाही तो आजार होऊ शकतो. अमेरिकेतील शासकीय नियमाप्रमाणे डुकराच्या अखंड मांसाचा अंतर्भाग ६३ अंशांपर्यंत तापवून तीन मिनिटे तसाच ठेवणे पुरेसे मानले जाते आणि खिम्यासाठी ७१ अंश. आपला रोस्ट नव्वदच्या पुढे जातो, त्यामुळे त्या बाजूने काळजी नाही. मात्र कच्चे मांस कापलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कोशिंबीर चिरू नये.

परदेशातून भांडे आणणाऱ्यांसाठी एक सूचना. अमेरिका आणि कॅनडातील भांडी १२० व्होल्टची असतात. आपल्याकडे २३० व्होल्ट वीज येते. तेथील भांडे येथे थेट लावले तर ते जळते, आणि कधीकधी त्याबरोबर आणखी काही. भांड्याच्या तळाशी लिहिलेला आकडा वाचावा, आणि गरज असल्यास पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आतील मातीचे भांडे गॅसवर ठेवू नये, फ्रिजमधून काढून लगेच तापलेल्या कवचातही बसवू नये, ते तडकते.

ज्यांच्याकडे असे भांडे नाही त्यांनी ते मुद्दाम विकत घ्यावे असे मी म्हणणार नाही. जाड बुडाचे पातेले, घट्ट झाकण, खाली तवा आणि बारीक गॅस एवढ्यावर हाच रोस्ट तीन ते साडेतीन तासांत होतो. फक्त पाणी वाटीभर जास्त घालावे आणि लक्ष ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये चार मोठे तुकडे करून शिटीनंतर बारीक आचेवर पाऊण तास पुरतो, कारण तेथे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. मांस मऊ होते, पण जरा कोरडे. आणि अर्थातच, गॅस पेटता ठेवून मिस्सेला जाता येत नाही.

नाताळच्या रात्रीचे गणित असे जमते. चोवीस तारखेला दुपारी एकच्या सुमारास मांस परतून भांड्यात लावावे. रात्री नऊ-साडेनऊपर्यंत ते तयार होते. तेव्हाच रस आटवून, चव पाहून, सारे परत भांड्यात घालून ‘वॉर्म’वर ठेवावे. परमप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास ध्यानात घेता, चव पाहण्याचे काम अगदी निघताना करू नये! दोन-चार तास ते त्या आचेवर सुखरूप राहते. चोवीस तारीख शुक्रवारी येत असेल तर मांसाचा त्याग पाळणाऱ्यांनी चव पाहण्याचे काम मिस्सेनंतरच करावे. गूळ आणि व्हिनेगर थोडे हात राखून घातले की नंतर दुरुस्ती सोपी जाते.

परतल्यावर फुगे किंवा पाव, बाजूला पातळ चिरलेला कांदा आणि व्हिनेगर. उरलेले मांस दोन तासांच्या आत पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे. तीन-चार दिवस टिकते. दुसऱ्या दिवशी गरम करताना ते गॅसवर चांगले वाफ येईपर्यंत करावे, स्लो कुकरमध्ये नव्हे. डब्याच्या तळाशी थिजलेला रस फेकू नये. तो भाताच्या पाण्यात घालून केलेला पुलाव सव्वीस तारखेला घरात कोणालाही नको होत नाही.