दूरच्या नोंदींचा ताजेपणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोले तालुक्यातील रतनवाडी, घाटघर परिसरातला पाऊस भंडारदरा धरणात जमा होतो आणि सोडलेले पाणी प्रवरा नदीतून निळवंडे, ओझर असे पुढे जाते. विसर्ग कधी आणि किती करायचा, हे पाऊस आणि पाणीपातळीच्या ताज्या नोंदींवर ठरते. डोंगराळ भागात मोबाइल नेटवर्क एखादी नोंद क्षणात पोहोचवते, तर एखादी बराच वेळ अडकते. हाती आलेली सर्वांत अलीकडची नोंद किती वेळापूर्वी घेतली होती, यावरून माहितीचे वय मोजतात.

गैरसमज: संदेश झटपट पोहोचला की माहिती ताजी.
वस्तुस्थिती: दोन सेकंदांत आलेली नोंदही पुढची येईपर्यंत जुनी होत जाते. तासाला एकच नोंद येत असेल, तर वेगवान नेटवर्कवरही माहितीचे वय तासापर्यंत वाढते.

गैरसमज: जितक्या जास्त नोंदी, तितकी माहिती ताजी.
वस्तुस्थिती: नोंदींची गर्दी झाली की रांग लागते आणि नवी नोंद जुन्यांमागे अडकते. संजित कौल, रॉय येट्स आणि मार्को ग्रुटेसर यांनी २०१२ मध्ये साध्या रांगेचे गणित मांडले. त्यात वाहिनी, म्हणजे नोंदी पाठवण्याचा मार्ग, सुमारे ५३ टक्के वेळ व्यस्त असताना सरासरी वय सर्वांत कमी राहते. म्हणून नेटवर्क खंडित होऊन परत आल्यावर नवी नोंद आधी पाठवावी; साठलेल्या नोंदी एकूण पावसाच्या हिशेबासाठी नंतर पाठवता येतात.

गैरसमज: एका नोंदीची पोच मिळताच दुसरी पाठवणे सर्वांत चांगले.
वस्तुस्थिती: नेहमीच नाही. नोंद पोहोचायला निम्म्या वेळा शून्य आणि निम्म्या वेळा दोन मिनिटे लागतात, असे धरू. न थांबता पाठवल्यास सरासरी वय २ मिनिटे येते. तत्काळ पोहोचलेल्या नोंदीनंतर अर्धा मिनिट थांबल्यास ते १.८५ मिनिटांवर येते. लागोपाठच्या दोन नोंदी जवळपास सारख्याच असतात, त्यामुळे दुसरीने नवे काही कळत नाही; उलट तीच अडकली तर वाहिनी वाया जाते.

गैरसमज: ठरावीक वेळानेच नोंद पाठवावी.
वस्तुस्थिती: यिन सन, युरी पोल्यान्स्की आणि एलिफ उयसाल यांनी २०१७ मध्ये दाखवले की, यादृच्छिक चढउतार होणाऱ्या राशीचा दुरून अचूक अंदाज बांधायचा असेल, तर मूल्य शेवटच्या पोहोचलेल्या नोंदीपासून ठरलेल्या मर्यादेइतके बदलल्यावर आणि वाहिनी मोकळी असताना नवी नोंद पाठवणे अधिक उपयुक्त ठरते. नदीला पूर येताना पातळी झपाट्याने चढते, तेव्हा नोंदी आपोआप वाढतात. मात्र नोंद येत नाही याचा अर्थ पातळी स्थिर आहे की यंत्र बंद पडले आहे, हे ओळखण्यासाठी अधूनमधून एक नियमित नोंद यावीच लागते.