मणक्याचा मार रक्तात मोजता येईल?

वळ, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली. भिवंडीभोवतालच्या या गावांतल्या गोदामांत मालाच्या थप्प्या पार छताला भिडलेल्या असतात आणि हमाल त्यावर चढून माल उतरवतात. शहरात यंत्रमाग कारखान्याचा पत्रा दुरुस्त करायला चढलेला माणूस पत्र्यासकट खाली येतो. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळची जिलानी इमारत झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. उंचावरून पडणं आणि रस्त्यावरचे अपघात ही आपल्या देशात मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा होण्याची दोन मोठी कारणं, आणि भिवंडीत दोन्हींचा धोका रोजचा आहे.

असा जखमी रुग्णालयात पोचला की घरचे एकच विचारतात, ‘पायावर उभे राहतील ना?’ पहिल्या एक-दोन दिवसांत याचं खात्रीचं उत्तर डॉक्टरांकडे बहुधा नसतं. एमआरआयमध्ये मज्जारज्जू कुठे दबलाय, कुठे सुजलाय, रक्तस्राव झालाय का, हे दिसतं. आतले किती तंतू वाचले आहेत, ते मोजता येत नाही. म्हणून टाचणी आणि कापूस घेऊन अंगभर संवेदना तपासतात, ठरावीक स्नायूंची ताकद पाहतात आणि ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी देतात. गुदद्वारापाशी थोडी जरी जाणीव उरली असेल, तरी इजा अपूर्ण मानली जाते आणि आशा बरीच वाढते.

ही तपासणी रुग्णाच्या उत्तरांवर उभी आहे. डोक्यालाही मार लागलेला, व्हेंटिलेटरवरचा किंवा गुंगीतला रुग्ण काय सांगणार? भिवंडीत तर तेलुगू, भोजपुरी बोलणारे कामगार मोठ्या संख्येने आहेत. ‘इथे टोचल्यासारखं वाटतं की नुसता स्पर्श कळतो?’ हा बारीक प्रश्न परक्या भाषेत विचारला तर उत्तर चुकू शकतं. शिवाय इजेनंतर काही दिवस, कधी काही आठवडे, मज्जारज्जू धक्क्यात असतो. इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडतात आणि खरी हानी झाकली जाते.

इथे रक्त उपयोगी पडू शकतं. चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी फुटल्या की त्यांच्यातली प्रथिनं बाहेर पडतात आणि अत्यल्प प्रमाणात रक्तात उतरतात. यातली दोन महत्त्वाची. जीएफएपी हे या आधार देणाऱ्या पेशींमधलं प्रथिन. ते काही तासांतच वाढतं आणि काही दिवसांत ओसरतं. न्यूरोफिलामेंट लाइट हे चेतातंतूंच्या सांगाड्यातलं. ते दिवसागणिक चढतं आणि कित्येक आठवडे टिकतं. कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रायन क्वॉन यांच्या गटाने आधी पाठीतल्या पाण्यात, मग रक्तात अशी प्रथिनं मोजली. इजा जितकी गंभीर, तितकं प्रमाण जास्त, आणि सहा महिन्यांनी कोण किती सुधारेल याचाही अंदाज त्यातून मिळतो, असं त्यांना आढळलं. जीएफएपीसह दोन प्रथिनांच्या रक्तचाचणीला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, पण ती डोक्याच्या सौम्य इजेसाठी. मज्जारज्जूसाठी अशी चाचणी अजून नेहमीच्या वापरात आलेली नाही. डोक्यालाही मार असेल तर तीच प्रथिनं वाढतात, आणि वय जास्त असेल तर न्यूरोफिलामेंट मुळातच जास्त असतं. शिवाय इतकं सूक्ष्म प्रमाण मोजणारी यंत्रं महागडी आहेत.

म्हणून मला दुसरं एक संशोधन आपल्यासाठी अधिक मोलाचं वाटतं. वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अडीच हजारांहून अधिक रुग्णांचे साधे रक्त-अहवाल संगणकाकडून तपासून घेतले. सोडियम-पोटॅशियम, पांढऱ्या पेशी अशा रोजच्या चाचण्यांतले चढउतार पाहून दाखल झाल्यापासून एक ते तीन दिवसांत इजेची तीव्रता आणि जिवाचा धोका यांचा अंदाज बांधता आला. या चाचण्या तालुक्याच्या ठिकाणीही होतात. आपल्या रुग्णांवर हा हिशेब लागू पडतो का, हे तपासायला मुंबई-ठाण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या नोंदी हाताशी आहेत. ते काम व्हायलाच हवं.

खरं उत्तर लवकर मिळालं तर घरच्यांचे पैसे आणि महिने खोट्या आशेत जाणार नाहीत. चालणं परत येणार नसेल, तर बेडसोर टाळणं, लघवीची नळी स्वच्छ हाताळणं आणि चाकाच्या खुर्चीवर स्वतः सरकणं पहिल्या आठवड्यांतच शिकता येईल. मुंबईत हाजी अलीला सरकारी पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात खडकीला जवानांसाठी केंद्र आहे. अशा इजेनंतरही आयुष्य थांबत नाही: १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक पोहून मिळवलं.

कोणतीही चाचणी येईपर्यंत एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे. पडलेल्या माणसाचे पाय हलत नसतील किंवा मान-पाठ दुखत असेल, तर त्याला बखोटीला धरून उठवू नका, रिक्षात बसवू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत डोकं-मान सरळ, स्थिर धरून ठेवा. हलवणं अगदीच भाग पडलं, तर चार-पाच जणांनी मिळून, अंग न वळवता, सपाट फळीवर घ्या. गोदाम आणि कारखाना मालकांनी अशी एक फळी दाराशी कायम ठेवावी.