जुनी गाडी घेताना वाजवी किंमत कशी ठरवावी?

फर्दापूर हे गाव पूर्वीपासून वाहतुकीवर जगत आलेले आहे. बुऱ्हाणपूरकडून अजिंठ्याचा घाट चढून दक्खनमध्ये जाणारा रस्ता याच बाजूने जात असे. गावातील मोगलकालीन सराई त्या वाहतुकीची साक्ष देते. त्या काळी सराईत उतरणारा व्यापारी घोडा किंवा बैल विकत घेताना त्याचे दात पाहून वय ठरवीत असे, चालवून पाहत असे आणि मगच भाव बोलत असे. आज घोड्याबैलांची जागा जीप, छोटा टेम्पो आणि मालवाहू रिक्षा यांनी घेतली आहे. परंतु जनावर घेताना आपले वाडवडील जेवढी चौकशी करीत, तेवढी चौकशी आज लाखो रुपयांची गाडी घेताना होत नाही, अशी परिस्थिती आहे.

१९८३ साली अजिंठा लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. खाजगी वाहने फर्दापूरच्या टी पॉइंटवर थांबतात आणि तेथून सुमारे चार किलोमीटर अंतरावरील लेण्यांपर्यंत एस.टी.च्या बसगाड्या जातात. त्यामुळे येथील गाडीवाल्याचा धंदा मुख्यतः जळगाव, भुसावळ आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथून प्रवासी आणण्या-नेण्याचा, तसेच सोयगाव-सिल्लोड भागात मालाची ने-आण करण्याचा आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत थोड्यांचीच असते. बाकीचे जुनी गाडी घेतात. तीत घरातील दागिने मोडून किंवा भावाबहिणींकडून उसने घेऊन उभे केलेले भांडवल असते. गाडी चुकीच्या किमतीला घेतली तर केवळ पैसा जात नाही, सबंध कुटुंबाची रोजी अडचणीत येते. म्हणून या विषयाची थोडी तपशिलाने माहिती देत आहोत.

मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे

बहुतेक खरेदीदार विकणाऱ्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करतात आणि त्यातून दहा-वीस हजार कमी झाले की सौदा चांगला झाला असे समजतात. आमच्या मते ही पद्धतच चुकीची आहे. सुरुवात अशा आकड्यापासून करावी, की त्याच मॉडेलची, त्याच सालाची, सुस्थितीतील आणि कागदपत्रे पूर्ण असलेली गाडी आज काय भावाने जाते. हा आकडा एका दलालाकडून घेऊ नये. सिल्लोड, जळगाव आणि संभाजीनगर अशा तीन ठिकाणी विचारावा. फक्त मागणीचे भाव न विचारता प्रत्यक्षात कितीला गाडी गेली हे विचारावे, कारण या दोन आकड्यांत बराच फरक असतो.

या चांगल्या गाडीच्या भावातून, समोर उभी असलेली गाडी त्या स्थितीला आणण्यासाठी लागणारा सर्व खर्च वजा करावा. उरेल ती वाजवी किंमत. विकणाऱ्याने गाडीवर मागच्या वर्षी किती खर्च केला, सीट कव्हर किती महाग बसविले, टेप कोणता लावला, याचा या हिशेबाशी फारसा संबंध नाही.

गाडीची तपासणी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विकणाऱ्याने आधीच गाडी चालू करून गरम ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. गाडी चालू होताच सायलेन्सरकडे लक्ष द्यावे. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे रिंग-पिस्टनचे काम जवळ आले आहे असे समजावे. काळा धूर असेल तर पंप, नोझल किंवा एअर फिल्टरचा दोष असू शकतो. तो तुलनेने कमी खर्चात निघतो. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येणे साहजिक आहे. परंतु इंजिन गरम झाल्यावरही तो येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने वाफ बाहेर फेकली जात असेल तर इंजिन थकलेले आहे.

पत्र्यावरून कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे लांबी भरलेली असते. दरवाज्यावर थोडी लांबी असली तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र चासीवर वेल्डिंगचा जोड, वाकलेपणा किंवा खोलवर गंज दिसला तर किंमत कमी करण्याच्या भानगडीत न पडता ती गाडी सोडून द्यावी. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्याही रंगरंगोटी करून स्वस्तात विकल्या जातात. गालिच्याखाली वाळलेला चिखल, सीटच्या नटांवर गंज आणि हेडलाइटच्या आत धुके ही त्याची लक्षणे आहेत.

मीटरवरील किलोमीटरवर विसंबू नये. मीटर मागे फिरविणे अवघड नाही. जनावराचे दात पाहावेत तसे क्लच-ब्रेकच्या पेडलवरील रबर, स्टिअरिंगची झीज आणि ड्रायव्हरची सीट पाहावी. मीटर साठ हजार किलोमीटर दाखवीत असेल आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर मीटर खोटे बोलत आहे. टायर एकाच बाजूने खाल्लेले असतील तर पुढच्या चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले आहे किंवा पुढचा भाग ठोकरलेला आहे.

आपल्या भागातील गाड्यांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औरंगाबाद-अजिंठा-जळगाव हा रस्ता रुंदीकरणासाठी २०१८ नंतर काही वर्षे खोदलेल्या अवस्थेत होता. त्या काळात या रस्त्यावर रोज धावलेल्या गाड्यांचे पाटे, शॉकअप आणि स्टिअरिंगचे सांधे अधिक तपासून घ्यावेत.

शेवटची आणि सर्वांत चांगली परीक्षा घाटाची आहे. गाडीत पाच-सहा माणसे बसवून अजिंठ्याचा घाट चढवावा. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेली आहे. तापमानाचा काटा वर जातो का, हे पाहावे. उतरताना गिअर आपोआप सुटतो का आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहावे. विकणारा घाटात गाडी नेण्यास नकार देत असेल तर त्याचे कारण विचारावे. या परीक्षेच्या वेळी ओळखीचा मेकॅनिक बरोबर असावा आणि त्याला त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्याकडून किंवा दलालाकडून कमिशन घेणारा मेकॅनिक आपल्या बाजूने बोलणार नाही.

एक खबरदारी नव्या गाड्यांबाबत. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा मानकाच्या गाड्याच नोंदविल्या जातात. त्यांच्यातील धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सेन्सर गावातील गॅरेजमध्ये सहसा दुरुस्त होत नाहीत. अशा गाडीवर मीटरजवळ इशाऱ्याचा दिवा सतत पेटत असेल, तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून खर्चाचा आकडा घेतल्याशिवाय भाव बोलू नये.

कागद हीसुद्धा किंमतच आहे

इंजिनइतकेच महत्त्व कागदपत्रांना आहे. आरसी बुकवरील इंजिन नंबर व चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरील नंबराशी ताडून पाहावेत. परिवहन खात्याच्या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर टाकल्यास फिटनेस, विमा आणि कर्जाचा बोजा यांची नोंद दिसते. ई-चलानचा थकलेला दंडही तपासावा. बोजा असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्यावी. गाडी एम.एच. १९ म्हणजे जळगाव किंवा एम.एच. २८ म्हणजे बुलढाणा पासिंगची असेल आणि आपल्याकडे एम.एच. २० च्या कार्यालयात नोंदवायची असेल, तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. मध्य प्रदेशची गाडी स्वस्त मिळते, पण तिच्यावर महाराष्ट्रातील कर भरावा लागतो; तो किमतीत धरावा.

व्यावसायिक गाडीला आठ वर्षे वयापर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावे लागते. पंधरा वर्षांवरील गाड्यांची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून बरीच वाढविण्यात आली. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढील वर्षाचा खर्च आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आवश्यक आहे, तीही बसविलेली आहे का पाहावे. पांढऱ्या पाटीची खाजगी जीप घेऊन भाड्याने प्रवासी नेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते.

नाव बदलण्याचा आळस दोन्ही बाजूंना महागात पडतो. विकणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला. त्यात गाडी एकापाठोपाठ एक हात बदलत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदीतील मालकावर ठेवली. गाडी विकणाऱ्या बांधवांनी हा निकाल विशेष लक्षात ठेवावा.

एक हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी आहेत. समजा, दहा वर्षांच्या चांगल्या प्रवासी जीपचा चालू भाव ४,००,००० रुपये आहे. समोरच्या गाडीला टायर हवेत, २४,०००. क्लच आणि पाट्यांचे काम, २६,०००. विमा, फिटनेस आणि कर, ३५,०००. एनओसी व नावबदल, ५,०००. एकूण ९०,००० झाले. उरले ३,१०,०००. न दिसलेल्या दोषांसाठी आणखी २०,००० बाजूला ठेवले तर २,९०,००० होतात. म्हणजे या गाडीची वाजवी किंमत २,९०,००० ते ३,१०,००० च्या दरम्यान आहे, मग विकणारा ३,६०,००० मागत असला तरी. हा कागद त्याच्यासमोर ठेवून बोलावे. नुसते "कमी करा" म्हणण्यापेक्षा याचा परिणाम अधिक होतो.

दुसरा हिशेब कमाईचा. तीन लाखांची गाडी पाच वर्षे चालवून एक लाखाला विकली तर दोन लाख झिजले, म्हणजे महिन्याला सुमारे ३,३३३ रुपये. डिझेल, दुरुस्ती, विमा आणि स्वतःची ड्रायव्हरची मजुरी काढून महिन्याला याहून अधिक उरत नसेल, तर वाजवी किमतीची गाडीही आपल्यासाठी महागच आहे. हा हिशेब थंडीतील गर्दीच्या दिवसांवरून करू नये. उन्हाळा आणि लेणी बंद असलेले सोमवारही त्यात धरावेत.

व्यवहाराची शरीअत

वरून कोरडे आणि आतून भिजलेले धान्य विकणाऱ्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी जो इशारा दिला, तो आपण सर्वांनी ऐकलेला आहे. इंजिनमध्ये जाड ऑइल ओतून आवाज दाबणे किंवा मीटर मागे फिरविणे हे त्याच भिजलेल्या धान्याचे आजचे रूप आहे. ठाऊक असलेला दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. लपविलेला दोष नंतर उघड झाल्यास माल परत करण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. यालाच खियारे ऐब म्हणतात. घ्यायचे नसताना भाव वाढविण्यासाठी खोटी बोली लावणेही मना आहे. बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून होणाऱ्या सौद्यांसारखे गुप्त भाव दलालाच्या सोयीचे असतात. किंमत तिघांसमोर, मोठ्याने बोलावी.

सौदा करताना तीन दिवसांत गाडी परत करण्याची मुभा ठेवता येते. इमाम अबू हनीफा यांच्या मते या खियारे शर्तची मुदत तीन दिवसांपर्यंत आहे. घाटाची एक खेप आणि जळगावची एक खेप करण्यास एवढे दिवस पुरेसे आहेत. विसार दिल्यास सौदा मोडल्यावर तो परत मिळेल की नाही, हे आधीच लिहावे. विसार जप्त करण्याबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत, म्हणून स्थानिक उलमांना विचारून घेणे चांगले.

पैसा कमी पडत असेल तर व्याजाच्या कर्जाखेरीज दुसरा मार्ग आहे. विकणाऱ्याशी हप्त्यांची एकूण रक्कम सौद्याच्या वेळीच ठरवावी. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त असली तरी चालते, मात्र दोन्हींपैकी एक किंमत पक्की करूनच उठावे आणि पुढे हप्ता लांबला म्हणून रक्कम वाढू नये. असा करार तोंडी ठेवू नये. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयीच आहे. गाडीचा नंबर, चासी नंबर, एकूण किंमत, हप्त्यांच्या तारखा, सांगितलेले दोष आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ इतके त्या कागदावर असले पाहिजे. वेळ लिहिण्याचे कारण असे की त्याआधीचे चलान किंवा अपघात विकणाऱ्याचे आणि त्यानंतरचे घेणाऱ्याचे, याचा पुरावा राहतो.

दिवाळीच्या तोंडावर गर्दीच्या मोसमासाठी गाडी हवी म्हणून घाईने सौदे होतात. ज्यांना यंदा गाडी घ्यावयाची आहे त्यांनी पावसाळ्यातच चौकशीला लागावे. त्या वेळी घाटही ओला असतो, ब्रेकची परीक्षा चांगली होते आणि मनासारखी गाडी न मिळाल्यास दुसरी पाहण्यास हातात दिवस उरतात.