बांबूच्या कांड्यातील बेडूक

बांबूच्या पोकळ कांड्यात बेडकाचा संसार असतो, याचे शेतकरी बंधूंना नवल वाटेल. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडील डोंगरांत असा एक हिरवागार, इवलासा बेडूक आहे. गुंथर यांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले. नंतर शंभराहून अधिक वर्षे तो कोणाला दिसला नाही. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. एस. डी. बिजू यांच्या मोहिमेत तो पुन्हा सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.

त्याची राहणी २०१४ मध्ये कळली. जिवंत बांबूच्या कांड्याला बुडाशी पडलेल्या बारीक चिरेतून तो अंग चोरून आत शिरतो. आत मोजकी अंडी असतात व त्यांची राखण नर करतो. अंड्यातून शेपटीचे पिल्लू न निघता थेट चिमुकला बेडूकच बाहेर पडतो. त्यामुळे डबके नसले तरी चालते, उभा बांबू मात्र हवाच.

म्हणूनच कागदाच्या लगद्यासाठी होणारी बेसुमार तोड त्याच्या मुळावर येते. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ. आपण पावसात बेटाला कोयता लावत नाही तो कोंबांसाठी; तिकडे तोच नियम पाळला तर अंडीही वाचतील. शिवाय तोडीच्या वेळी चीर पडलेले काही बांबू राखावेत, म्हणजे पुढच्या पावसात त्याला शिरायला जागा उरेल.