भरलेली गाडी घाट चढते की उतरते?

मामेभावानं, म्हणजे आमच्या दादानं, नवी पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या घरात तीन मतं होती. त्याला स्वतःला मोठं इंजिन हवं होतं. "माळशेज आहे मधे, गाडीत दम पाहिजे," असं त्याचं म्हणणं. मुलाला डबल केबिन हवी होती, म्हणजे लग्नकार्याला, देवाला, दवाखान्यात सगळ्यांना एका गाडीतून जाता येईल. वहिनींनी कुठल्याच गाडीचं नाव घेतलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "काहीही घ्या, पण बायका आता हौद्यात बसायच्या नाहीत."

त्यांचं शेत नारायणगावच्या बाजूला आहे. हंगामात टोमॅटो रोज नारायणगावच्या उपबाजारात जातो आणि बाकीचा भाजीपाला आठवड्यातून दोनदा माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशीला. जुनी पिकअप बारा वर्षं चालली, आता तिचे पाटे बसले होते. दादानं मला सोबत घेतलं, कारण मला हिशेब मांडायची सवय आहे. तीन आठवडे आम्ही गाड्या पाहत हिंडलो. त्यात मला जे समजलं ते इथं मांडतो आहे. येत्या हंगामाआधी हाच प्रश्न घेऊन बसणारी घरं मला पुष्कळ ठाऊक आहेत.

सुरुवात इंजिनापासून करू. आपल्याकडे 'पिकप' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक गाडीचं नाव, दुसरा तिचा उठाव. "गाडीला पिकप आहे का?" असं विचारणाऱ्याला ती किती चटकन वेग घेते हे हवं असतं. मालाच्या गाडीला मात्र वेगापेक्षा ओढ लागते. कागदावर या दोन गोष्टींचे दोन वेगळे आकडे असतात. अश्वशक्ती म्हणजे ठरावीक वेळात किती काम उरकतं, आणि टॉर्क म्हणजे चाकाला किती पीळ बसतो. मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच ज्या इंजिनाचा टॉर्क पूर्ण मिळतो, ते भरल्या गाडीला जागेवरून अलगद उचलतं. ज्याला त्यासाठी अडीच-तीन हजार फेऱ्या लागतात, त्याचा क्लच लवकर जळतो.

अश्वशक्ती किती लागते? मालासकट एकूण तीन टनांची गाडी धरा आणि दर दहा मीटरला एक मीटर चढणारा घाट धरा. चढाची ओढ आणि चाकांचं घर्षण मिळून गाडीला मागं खेचणारं बळ साधारण ३४०० न्यूटन भरतं. ताशी ३० किलोमीटर वेगानं तो चढ चढायला सुमारे २८ किलोवॅट, म्हणजे ३८ अश्वशक्ती पुरते. ताशी ५० चा वेग हवा असेल तर चाकांपाशीच ६४ लागते. त्यात गिअर आणि हवेचा तोटा मिळवला की पंचाहत्तरचं इंजिन तिथं संपतं. आता वेग तीसच ठेवा आणि गाडीत एक टन जास्त भरा. ३८ ची ५१ झाली. म्हणजे घाटात इंजिनाला थकवणाऱ्या गोष्टी दोनच, आपली घाई आणि जास्तीचा माल. दोन्ही आपल्या हातात असतात.

टाटा एसचं उदाहरण यासाठी मला फार मोलाचं वाटतं. २००५ साली आलेली ही गाडी, आपण तिला छोटा हत्ती म्हणतो. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं ती घडवली. तिच्यासाठी इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन जणू मधोमध कापलं आणि दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं केलं. अश्वशक्ती अवघी सोळा. तेवढ्यावर ती गाडी गल्लीबोळांतून आणि चढांवरून पाऊण टन माल नेत राहिली, कारण तिचे गिअर आणि तिचं काम एकमेकांशी जुळवलेले होते. त्याआधी १९८८ मध्ये पुण्यातूनच टाटामोबाइल निघाली होती. आमच्या मामांच्या पिढीला पिकअप म्हटलं की तीच आठवते. 

आज दीड-दोन टनांच्या गटात प्रत्यक्षात निवड मोजक्याच गाड्यांत होते. महिंद्राची बोलेरो पिकअप, अडीच लिटर, चार सिलिंडर, पाऊणशे ते ऐंशी अश्वशक्ती, दोनशे ते दोनशेवीस न्यूटन-मीटर. टाटाची योद्धा, २.२ लिटर, शंभर अश्वशक्ती, अडीचशे न्यूटन-मीटर. अशोक लेलँडची दोस्त, दीड लिटर आणि तीन सिलिंडर, अंगानं हलकी. दादाचं बोट अर्थातच शंभरावर होतं. मी त्याला विचारलं, "दादा, तू माळशेज भरलेल्या गाडीनं चढतोस का उतरतोस?"

तो थांबला. गेली बारा वर्षं तो भरल्या गाडीनं माळशेज फक्त उतरत आला होता. चढताना हौद्यात रिकामी कॅरेटं असतात, फार तर घरचा किराणा.

मला वाटतं, महाराष्ट्रात पिकअप घेणाऱ्यानं सर्वांत आधी हा प्रश्न विचारावा. आपला मुलूखच तसा आहे. वर देश, खाली कोकण, मधे सह्याद्री. नाशिकचा भाजीपाला कसारा घाट उतरून मुंबईला जातो, जुन्नरचा माळशेज उतरून. या गाड्या भरलेल्या उतरतात आणि हलक्या परततात. देवगड-रत्नागिरीचा आंबा कोल्हापूर-सांगलीकडं निघाला की उलटं घडतं. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्याची चढण, तिथं भर उन्हाळ्यात पेट्यांनी गच्च भरलेली गाडी फर्स्ट-सेकंडवर वर चढत असते. कोकणातल्या बागायतदारानं जास्त टॉर्कच्या इंजिनासाठी पन्नास हजार जास्त मोजले तर ते वसूल होतात. जुन्नरच्या शेतकऱ्यानं तेच पैसे ब्रेक, टायर आणि पाट्यांसाठी राखून ठेवावेत.

उतारावर इंजिनाचं काम संपत नाही, ते फक्त बदलतं. भरल्या गाडीनं घाट नुसत्या ब्रेकवर उतरला तर ड्रम तापतात, लायनरची पकड सुटत जाते आणि पायाखालचा ब्रेक निकामी वाटू लागतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा. खालच्या गिअरमध्ये चाकंच इंजिनाला फिरवतात आणि त्या रोधानं गाडी आवरली जाते. चाचणीला गाडी द्याल तेव्हा ती भरून द्या, असा आग्रह आम्ही तीनही ठिकाणी धरला. दोघांनी मान्य केलं. हौद्यात वाळूची पोती टाकून आम्ही उतारावर गाडी सेकंडमध्ये सोडून पाहिली. तो अर्धा तास आम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून गेला.

इंधनाबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आहेत, त्यामुळे डिझेलच्या धुराला गाळणी आली. गाडी सतत दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्याच मारणार असेल तर गाळणीतली काजळी जळायला पुरेशी उष्णता होत नाही आणि ती तुंबते. काही गाड्यांना ड्रायव्हर ज्याला 'युरिया' म्हणतात ते द्रावणही लागतं. घ्यायच्या गाडीला ते लागतं का, हे आधी विचारा. सीएनजी शहरातल्या वाटपाला स्वस्त पडतो, पण टाक्यांचं वजन मालातून वजा होतं, आणि शेतापासून पंप लांब असेल तर ती बचत रांगेत जाते. दिवसाकाठी ठरलेल्या पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर विजेवरच्या छोट्या गाड्या मला आता खरोखर योग्य वाटतात. वाशीच्या फेरीला अजून डिझेलच.

आता केबिन. इथं दादाच्या मुलाशी माझं बरंच बोलणं झालं, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. डबल केबिनमध्ये पाच माणसं नीट, सीटवर, पट्टा लावून बसतात. बोलेरो कॅम्पर त्यासाठीच आहे. पण चेसिसची लांबी मोजकी असते. मागं दुसरी सीट आली की हौदा तेवढा आखूड होतो. सिंगल केबिनला नऊ-दहा फुटांचा हौदा मिळतो, तिथं कॅम्परला पाच फुटांच्या आसपास. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० तीन केबिनांत मिळते, तिथंही गणित हेच आहे. सर्वांत मोठी केबिन घेतली तर हौदा साडेपाच फुटांपासून सुरू होतो, सर्वांत लहान घेतली तर आठ फुटांपर्यंत जातो. तिकडं पिकअप ही बऱ्याच घरांची मुख्य गाडी असते, म्हणून मोठ्या केबिनचा हिशेब जमतो. आपल्याकडं ती आधी पोट भरते.

लांबीइतकंच वजनाचं आहे. गाडीचं एकूण वजन कागदावर ठरलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरेल ते तुमचं, त्यालाच बोलताना पासिंग म्हणतात. डबल केबिनचा पत्रा, काचा, दारं आणि मागं बसणारी तीन माणसं हे सगळं हौद्यातल्या मालातून जातं, आणि माल साधारण टनावर येतो. टोमॅटोचं कॅरेट मालासकट बावीस किलो धरा. सतराशे किलोच्या गाडीत ७७ कॅरेटं बसतात, टनाच्या गाडीत ४५. हंगामात रोज ३२ कॅरेटांचा फरक म्हणजे दुसरी खेप. कांद्याच्या पन्नास किलोच्या पिशव्यांचं गणित असंच, तिथं हौदा भरण्याआधी वजन भरतं. कोथिंबीर, झेंडू, कडबा यांचं उलटं, वजन उरतं आणि जागा संपते. त्यांच्यासाठी दहा फुटांचा हौदा आणि उंच जाळी महत्त्वाची, पासिंग नव्हे.

पासिंगवरून एका दालनातला प्रसंग सांगायला हवा. विक्रेता म्हणाला, "पासिंग सतराशेचं आहे, पण अडीच टन आरामात ओढते." मला त्याचा राग आला. ओढते हे खरं. पण गाडी ओढते तेवढीच थांबायलाही हवी, आणि ब्रेक सतराशेच्या हिशेबानं बसवलेले असतात. जास्त माल भरला तर कायद्यानं वीस हजार रुपये दंड, वर दर टनाला दोन हजार, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. आणखी एक बारकावा. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, त्यापुढं लागतो. मोठ्या पासिंगची गाडी घेताना हा खर्च आणि हेलपाटे धरावेत. लायसन्सची भीती मात्र सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निर्वाळा दिला की साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालगाडी चालवता येते.

वहिनींचं म्हणणं अजून बाकी होतं, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं. तोडणीला रोज दहा-बारा बायका येतात. सकाळी गावातून पिकअपच्या हौद्यात उभ्यानं, संध्याकाळी कॅरेटांवर बसून परत. आपल्याकडं हे इतकं रोजचं आहे की कुणाला ते दिसतही नाही. दोन वर्षांपूर्वी जवळच्याच वळणावर एका गाडीचा फाळका उघडला आणि दोघी रस्त्यावर पडल्या. एकीचा खुबा अजून बरा नाही. तेव्हा नुकसानभरपाईचा प्रश्न आला. मालाच्या गाडीत मालासोबत त्याचा मालक किंवा त्याचा माणूस असेल तर विम्याचं संरक्षण असतं. नुसतेच प्रवासी म्हणून बसलेल्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं दोन दशकांपूर्वीच सांगितलं आहे. म्हणजे हौद्यात बसलेल्या बाईमागं कुणीच उभं नसतं. एका घरातल्या कर्त्या बाईची हाडं आणि गाडीवाल्याची जमीन, दोन्ही त्या फाळक्याच्या कडीवर टांगलेली असतात.

डबल केबिननं हा प्रश्न सुटतो का? बारा जणी पाच सीटांवर बसत नाहीत. चौघी आत आणि आठ जणी मागं, एवढाच बदल होईल. हे मी मांडलं तेव्हा मुलगाही गप्प झाला.

शेवटी सिंगल केबिनची, मधल्या इंजिनाची, लांब हौद्याची गाडी ठरली. शंभर अश्वशक्तीपायी जाणारे पैसे वाचले, त्यातून मागचे टायर चांगले घेतले आणि गावातल्या एका प्रवासी जीपवाल्याशी हंगामाचं भाडं ठरवलं. सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. जीपच्याही दोन खेपा होतात, कारण सीटांपेक्षा जास्त कुणी बसायचं नाही ही वहिनींची दुसरी अट. हिशेब केला तर ते भाडं दर कॅरेटला दोन-अडीच रुपयांवर जातं. दादाला सुरुवातीला ते जड वाटलं. मला वाटतं, ही रक्कम टोमॅटोच्या खर्चात खतं आणि औषधांच्या ओळीतच लिहायला हवी.

पहिल्या तोडणीच्या दिवशी मी तिथं होतो. पारापाशी बायका उभ्या होत्या, डोक्याला टॉवेल, हातात जेवणाचे डबे. नवी गाडी येऊन थांबली तसा एका म्हाताऱ्या आजींनी सवयीनं मागच्या टायरवर पाय ठेवला आणि फाळक्याची कड धरली. वहिनी पुढून उतरल्या. "आजी, नको. जीप येतीय," म्हणत त्यांनी आजींचा हात धरून त्यांना खाली घेतलं. आजी म्हणाल्या, "अगं, नवी गाडी हाय, जरा बसू दे की." वहिनी हसल्या, केबिनचं दार उघडलं आणि त्यांना स्वतःच्या जागेवर बसवलं. स्वतः मग बाकीच्यांबरोबर जीपची वाट पाहत पारावर बसल्या.