पाठभेद, प्रक्षेप आणि वंशवृक्ष : कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूची ओळख

मानेसर हे गाव दिल्ली–जयपूर महामार्गावर, गुरुग्राम जिल्ह्यात आहे. ज्या नगराच्या नावात द्रोणाचार्यांचे स्मरण सांगितले जाते, त्याच नगरात शीतलामातेचे प्रसिद्ध देवालय असून, ही शीतला म्हणजे द्रोणपत्नी कृपी, अशी तेथील श्रद्धा आहे. महाभारत आणि देवीचा रोग यांची अशी गाठ पडलेल्या या परिसरात काही दिवस राहण्याचा योग आला असता एका रेणवीय जीवशास्त्रज्ञ स्नेह्यांनी मला संगणकाच्या पडद्यावर एक आकृती दाखविली. एका मुळापासून दोन-तीन जाड फांद्या, त्यांना फुटलेल्या डहाळ्या, आणि प्रत्येक डहाळीच्या टोकाशी एकेक संक्षिप्त खूण. भांडारकर संस्थेच्या आदिपर्वातील पाठपरंपरांची वंशावळ पाहिलेल्या कोणालाही वाटेल तेच मला वाटले, मी विचारले, “कोणत्या ग्रंथाच्या पोथ्या?” ते हसून म्हणाले, “कोंबड्यांच्या देवीच्या विषाणूंची आहे ही.” माझा तो गैरसमज सर्वस्वी निराधार नव्हता, असे मला आता वाटते, आणि तुलनाकारांना त्यातून काही घेण्यासारखे आहे, एवढ्याच हेतूने हे विवेचन करीत आहे.

प्रथम नावाविषयी. मराठीत ‘देवी’ हा एक शब्द अनेक रोगांवर पसरलेला आहे. माणसांना देवी येत असत, म्हशींच्या सडांवर देवी उठतात, कोंबड्यांनाही देवी येतात; आणि ‘देवी काढणे’ याचा अर्थ चक्क लस टोचणे असा होतो. माणसांच्या देवीचा भारतातील अखेरचा रुग्ण 1975 साली आढळला आणि 1980 मध्ये जगातून तिचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर, 1985 ते 1987 या काळात, महाराष्ट्रात म्हशींना आलेल्या देवीचे नमुने तपासले गेले. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून म्हशींच्या या विषाणूचे निकटचे नाते दिसले ते मानवी देवीवरच्या लशीतील विषाणूशी. कोंबड्यांच्या देवीचा विषाणू याच कुलातला, परंतु वेगळ्या प्रजातीचा. पक्ष्यांपुरता मर्यादित असलेला आणि माणसाला न होणारा. इंग्रजीत ज्याला ‘चिकनपॉक्स’ म्हणतात त्या आपल्या कांजिण्यांचा तर कोंबडीशी काही संबंध नाही आणि या कुलाशीही नाही; तो नागिणीचा विषाणू. सारांश, पुरळ पाहून ठेवलेली नावे नात्याविषयी फारच थोडे सांगतात. रूपसाम्यावरून ‘प्रभाव’ सिद्ध करू पाहणाऱ्या आपल्या काही प्रबंधांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

कोंबड्यांच्या देवीची लक्षणे खेड्यातल्या कोणत्याही कोंबडीवालीला ठाऊक असतात. तुरा, चोचीच्या कडा, डोळ्यांभोवतीची कातडी येथे फोड येतात, त्यांच्या खपल्या होतात. कधी घशात पडदा धरतो आणि पक्षी गुदमरून दगावतो. डास हा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेतात. वाळलेल्या खपलीत तो दीर्घकाळ तग धरतो, आणि म्हणूनच खपली हे या अभ्यासाचे ‘हस्तलिखित’ होय. बोलिंगर यांनी 1873 मध्ये या रोगातील पेशींत विशिष्ट पिंड पाहिले. 1931 साली वुडरफ आणि गुडपाश्चर यांनी हा विषाणू उबवणीच्या अंड्यातील पडद्यावर वाढविला. अंड्यात विषाणू वाढविण्याच्या पद्धतीचा आरंभच कोंबड्यांच्या देवीपासून झाला. तथापि या साऱ्यातून ‘ही देवी आहे’ एवढेच कळत असे. ‘ही कोणती देवी’ हा प्रश्न तसाच राही. प्रयोगशाळेत ज्याला सर्रास ‘स्ट्रेन’ म्हणतात आणि ज्यासाठी मी येथे ‘वाण’ हा शब्द योजतो, ते ओळखण्याचे साधन पुढे रेणवीय पद्धतींनी दिले.

या विषाणूची संहिता चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली आहे. तिचे संपूर्ण वाचन 2000 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तिची लांबी 2,88,539 अक्षरे भरली. दर खपलीसाठी एवढी संहिता वाचणे त्या काळी अशक्यप्राय होते, म्हणून संशोधकांनी एक उतारा निवडला. विषाणूच्या गाभ्यातील एका प्रथिनाचे हे जनुक. त्याला ‘पी-चार-बी’ म्हणतात. त्यातील 578 अक्षरांचा तुकडा वेगळा काढण्याची रीत 1997 पासून रूढ झाली. हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूचीत प्रत्येक पोथीचा प्रारंभ आणि समाप्ती नोंदविण्याचा प्रघात आपल्या परिचयाचा आहे. पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजे पीसीआर, नेमके हेच करते. उताऱ्याच्या प्रारंभाशी आणि समाप्तीशी जुळणारे दोन लहान तुकडे खपलीतून काढलेल्या द्रव्यात सोडले की ते आपापली जागा शोधून चिकटतात, आणि त्यांच्यामधील मजकुराची नक्कल होते. तापमानाच्या प्रत्येक फेरीला नकला दुप्पट होतात. तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून अधिक. एवढा साठा झाला म्हणजे अक्षरे वाचता येतात.

यापुढील काम पाठचिकित्सकाचेच आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहताना आखलेल्या कागदावर एकेका अक्षराला एकेक चौकट दिलेली असे आणि खाली एकेका पोथीचे पाठभेद उतरविले जात. विषाणूंचे उतारेही असेच एकाखाली एक मांडतात. कोणत्या चौकटीत कोणाचे अक्षर बदलले, कोठे गळले, कोठे वाढले, ते पाहतात. अशा ताळ्यातून पक्ष्यांच्या देवीचे मुख्य गट निघाले: एक कोंबडीच्या विषाणूभोवतीचा, दुसरा कॅनरी पक्ष्याच्या विषाणूभोवतीचा, तिसरा पोपटवर्गातील पक्ष्यांचा. पुढे आणखीही काहींची भर पडली.

येथे एक तत्त्व स्पष्ट केले पाहिजे, कारण त्यावाचून वंशवृक्षाला अर्थ नाही. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला तर त्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. शुद्ध पाठ सर्वांकडे मुळातूनच आलेला असतो. नाते सिद्ध होते ते समान अपपाठावरून, एकाच लेखनिकाने केलेली चूक दोघांत उतरली असल्यावरून. लाखमान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे हे मर्म. आणि जीवशास्त्रात हेन्निग यांनी 1950 मध्ये जे तत्त्व मांडले ते याहून फारसे निराळे नाही. कालानुक्रमाने पाहता भाषाशास्त्रीय परंपरेला अग्रमान द्यावा लागेल. पोथ्यांचा पहिला ज्ञात वंशवृक्ष श्ल्युटर यांनी स्वीडनमध्ये 1827 साली काढला. डार्विनचा ग्रंथ 1859 चा.

आता 578 अक्षरांच्या मर्यादेकडे वळू. संपूर्ण संहितेच्या तुलनेत हा सुमारे पाचशेवा भाग. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांपैकी केवळ अठरा ओव्या वाचून पोथीचे कुल ठरविण्यासारखे हे आहे. कुल कदाचित ठरेल, शाखा ठरणार नाही. ‘पी-चार-बी’ हा गाभ्यातला, म्हणून संथपणे बदलणारा भाग आहे. त्यामुळे कोंबडीच्या विषाणूला कबुतराच्या किंवा कॅनरीच्या विषाणूपासून वेगळे करण्यास तो पुरतो, पण कोंबड्यांच्याच निरनिराळ्या विषाणूंत तो बहुधा अक्षरशः एकसारखा निघतो. व्यवहारात प्रश्न तर नेमका तेथेच असतो. लस दिलेल्या कळपाला देवी आल्या, तर त्या लशीतल्या विषाणूच्या की बाहेरून आलेल्या?

याचे उत्तर संहितेच्या मूळ भागाने दिले नाही. ते एका प्रक्षेपाने दिले. कोंबड्यांत गाठींचे व प्रतिकारशक्ती खचविणारे रोग उत्पन्न करणारा एक अगदी वेगळ्या कुलातील विषाणू आहे. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप ‘आरईव्ही’. या परक्या विषाणूची जवळजवळ संपूर्ण संहिता, सुमारे आठ हजार अक्षरे, कोंबड्यांच्या देवीच्या संहितेत एका ठराविक जागी शिरलेली आहे, असे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अभ्यासांत दिसून आले. लशीच्या बहुतेक वाणांत या प्रक्षेपाचा केवळ अवशेष, एखाद्या खोडलेल्या श्लोकाच्या उरलेल्या चरणासारखा, शिल्लक असतो. रोगट कळपांतून मिळणाऱ्या वाणांत तो बहुधा पूर्ण असतो. हा नियम निरपवाद नाही; तरीही लशीचा वाण आणि बाहेरचा वाण यांत भेद करण्यास याहून सोयीची खूण नाही. भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आपल्याकडील परसातल्या कोंबड्यांच्या एका साथीतील विषाणूतही हा प्रक्षेप आढळल्याची नोंद आहे.

प्रक्षेप म्हटला की आपण तो काढून टाकण्याच्या मागे लागतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती याच ओढीने. परंतु सुकथनकरांनी ज्यांना मूळ संहितेबाहेर काढले ते श्लोक फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत त्यांची काळजीपूर्वक नोंद केली, कारण कोणती पोथी कोणत्या प्रदेशातील, कोणत्या वाचनेतील, याची साक्ष हे श्लोकच देतात. कोंबड्यांच्या देवीच्या बाबतीत हीच गोष्ट विषाणूशास्त्रज्ञांच्या प्रत्ययास आली.

या प्रक्षेपाचा काळही शोधला गेला आहे, आणि ती हकीकत रंजक आहे. इलिनॉय विद्यापीठातील देवकी त्रिपाठी आणि त्यांचे सहकारी यांनी 2001 मध्ये सुमारे पन्नास वर्षांपूर्वीच्या नमुन्यांतही तो असल्याचे दाखविले. पुढे 2013 मध्ये निएविआडोम्स्का आणि गिफर्ड यांनी वंशवृक्षाच्या आधारे असा तर्क मांडला की, आरईव्ही हा मुळात सस्तन प्राण्यांच्या विषाणूंच्या वंशातला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस पक्ष्यांतील हिवतापावर प्रयोग चालू असता तो अनवधानाने पक्ष्यांत आणि तेथून देवीच्या विषाणूत शिरला असावा. तर्क ग्राह्य मानला तर हा प्रक्षेप प्रयोगशाळेच्या टेबलावर, शास्त्रज्ञांच्याच हातून, नकळत झालेला ठरतो. लेखनिकाला दोष देण्याची सवय असलेल्या आपणा संपादकांना हे विसरून चालणार नाही.

नक्कल करण्यानेच संहिता कशी पालटते याचेही एक उदाहरण येथे आहे. युरोपातील एक रोगकारक वाण कोंबडीच्या गर्भपेशींत चारशेहून अधिक वेळा, एकातून दुसऱ्यात असा, वाढविण्यात आला. अखेरीस हाती आलेला ‘एफपी-नऊ’ हा वाण सौम्य झाला होता. 2004 साली त्याची संहिता वाचली तेव्हा ती सुमारे 2,66,000 अक्षरांची निघाली. 2000 साली वाचलेल्या अमेरिकी वाणाहून सुमारे बावीस हजारांनी आखूड, आणि 118 ठिकाणी भिन्न. पोथ्यांची परंपरा बहुधा वाढत जाते, विषाणूची येथे झिजली. साम्य शोधताना हा फरकही ध्यानात ठेवावा.

एका उताऱ्यावरून काढलेला वृक्ष फसवा का ठरू शकतो, याचे कारण पाठचिकित्सकाला सांगावयास नको. वृक्ष गृहीत धरतो की प्रत्येक प्रतीला एकच जनक आहे. प्रत्यक्षात लेखनिक दोन पोथ्या समोर ठेवून लिहितो, आणि विषाणूही दुसऱ्याचे तुकडे उचलतात. मूळचे गणिताचे विद्यार्थी असलेल्या विष्णु सीताराम सुकथनकरांनी 1933 च्या आदिपर्वाच्या उपोद्घातात या संकराचा प्रश्न सडेतोडपणे मांडला: त्यांनी वंशावळ काढली ती वाचनांची, एकेका पोथीची काढण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. 1998 मध्ये केंब्रिजच्या जीवशास्त्रज्ञांनी व पाठसंपादकांनी मिळून चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रस्तावनेच्या 58 हस्तलिखितांवर जीवशास्त्रातील संगणकीय पद्धती चालविल्या, तेव्हा त्यांनाही संकराचा संशय असलेली 14 हस्तलिखिते बाजूला ठेवावी लागली. मला या प्रयोगापेक्षा सुकथनकरांचा संयम अधिक मोलाचा वाटतो. मतभेदाला अर्थातच वाव आहे.

शेवटी त्या लशीच्या प्रश्नाकडे परत येतो, कारण ही चर्चा केवळ पद्धतीची नाही. देवीची लस पंखाच्या पडद्यात दोन टोकांच्या सुईने टोचतात आणि सात ते दहा दिवसांनी तेथे फोड धरला की नाही ते पाहतात. पुण्यात औंध येथील शासकीय संस्था ही लस तयार करीत आली आहे. टोचूनही कळपाला रोग झाला, तर शीतसाखळीत लस निकामी झाली, टोचण्यात चूक झाली, लशीतलाच विषाणू बळावला, की निराळ्या वाणाने गाठले, यांचा निवाडा फोड पाहून होत नाही. चार-सहा कोंबड्यांवर मिठामिरचीचा खर्च भागविणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा निवाडा चुकणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच लस, पुन्हा तोच तोटा, आणि अखेरीस टोचणीवरचाच विश्वास उडणे. म्हणून मानेसरच्या त्या स्नेह्यांनी आकृतीतील दोन डहाळ्यांवर बोट ठेवले ते मला विशेष वाटले. ‘पी-चार-बी’च्या उताऱ्यात त्या दोन नमुन्यांत एका अक्षराचाही भेद नव्हता. एकात प्रक्षेप पूर्ण होता, दुसऱ्यात त्याचे शेपूट तेवढे उरले होते. दुसरा नमुना लशीच्या कुपीतला होता.